पडदा सरळ झाला, शिंका मात्र तशाच

घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ, त्यात पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी. ठाण्यात नाक चोंदायला निमित्त शोधावं लागत नाही. सीटी स्कॅन काढला की दोन नाकपुड्यांमधला पडदा थोडाफार वाकडा निघतो (तो बऱ्याच ठणठणीत माणसांचाही असतो) आणि ‘ऑपरेशन करून टाका, कटकट मिटेल’ असं शेजारीसुद्धा सांगू लागतात.

पडद्यापुरती ती मिटतेही. ब्रिटनमध्ये ३७८ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींचा पडदा सरळ केला, बाकीच्यांना नाकात मारायचे स्प्रे दिले. सहा महिन्यांनी त्रासाचा सरासरी गुणांक ऑपरेशनवाल्यांत १९.९ होता, स्प्रेवाल्यांत ३९.५. इथे गुण जितके कमी तितका आराम जास्त.

ॲलर्जीचं दुखणं मात्र पडद्यात नसतं. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट नावाचे मांसल उंचवटे असतात, आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. गादीतल्या धूळकिड्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासावाटे आत आली की ॲलर्जी असलेल्यांच्या मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षणातल्या पेशी) हिस्टामिन हे सूज-खाज आणणारं रसायन सोडतात. मग शिंका, खाज, पाणी, आणि टर्बिनेट सुजून वाट बंद. पडद्याचं कूर्चा-हाड नीट बसवल्याने या पेशींच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही.

म्हणून ॲलर्जीवाल्यांनी ऑपरेशन करूच नये? तसं नाही. काही अभ्यासांत त्यांचं समाधान ॲलर्जी नसलेल्यांपेक्षा कमी भरलं, काहींत दोन्ही गट सारखेच सुधारले. माझ्या मते प्रश्न काय विचारला यावर बरंच ठरतं. ‘श्वास मोकळा झाला का’ याला दोघंही हो म्हणतील. ‘शिंका थांबल्या का’ विचारलं तर गाडी अडते. पडद्यासोबत टर्बिनेटही लहान केले तर चोंदणं आणखी कमी होऊ शकतं, पण खाज आणि पाणी औषधांवरच सोपवावं लागतं.

ऑपरेशनआधी एक साधी तपासणी उपयोगी पडते. सूज उतरवणारं औषध नाकात घालून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा बघतात. नाक बरंच मोकळं झालं तर मुख्य दोष सुजेचा. एकच नाकपुडी कायम बंद राहत असेल तर संशय पडद्यावर. सूज उतरवणारे हे थेंब घरी मात्र आठवडाभराच्या वर चालवू नयेत, नाक उलट जास्त चोंदतं. रोजच्या वापराचा स्टिरॉइड स्प्रे वेगळा. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तो मारताना नळीचं तोंड पडद्याकडे नव्हे, त्याच बाजूच्या कानाकडे हवं.