गळू मानेवर, दुखणं कंबरेत

मानेवरचं गळू फुटतं, खपली धरते आणि माणूस ते विसरून जातो. काही आठवड्यांनी कंबर धरते. मग बाम, पट्टा, आणि 'गादी सरकली असेल' हे शेजाऱ्यांचं निदान. मानेवरच्या त्या गळवाची आठवण कुणाला होणार?

गळवात बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू असतो. त्यातले काही रक्तात उतरतात. बहुतेकदा शरीर त्यांचा परस्पर बंदोबस्त करतं. एखादा निसटलाच तर हाडात ठाण मांडतो. लहान मुलांत मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या टोकाशी, मोठ्यांत मात्र मणक्यात, बहुतेक वेळा कंबरेच्या. मणक्याचं आतलं हाड जाळीदार, रक्ताने भरलेलं. शिवाय तिथली एकच धमनी दुभंगून लागून असलेल्या दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडांना रक्त पुरवते. त्यामुळे जंतू वरच्या-खालच्या दोन्ही मणक्यांत शिरतात आणि मधली गादी आयती सापडते. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, त्यामुळे संरक्षक पेशींना तिथे पोचणंच कठीण. एमआरआयवर पिचकलेली गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कुरतडलेल्या कडा दिसल्या, की डॉक्टरांना आधी जंतूंचाच संशय येतो. कर्करोग सहसा गादीला हात लावत नाही.

गळूच हवं असं नाही. लघवीचा संसर्ग, हृदयाची बाधित झडप, डायलिसिसची नळी, कुठूनही सुरुवात होते. मधुमेह असेल तर धोका वाढतो.

फसवणूक अशी, की निम्म्याअधिक रुग्णांना ताप नसतो आणि सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रे साफ येतो. आडवं पडूनही न थांबणारी, रात्री जागवणारी कंबरदुखी आणि रक्ततपासणीत वाढलेला सीआरपी (शरीरात दाह असल्याची खूण), एवढाच सुगावा.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. मणक्याचा टीबी, आणि कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला हा जंतू. एमआरआयवर तिघांची गल्लत होऊ शकते, औषधं मात्र वेगळी. म्हणून रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर अँटिबायोटिकआधी रक्ताचं कल्चर (त्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी), गरज पडल्यास सुईने मणक्याचा तुकडा. घाईने दिलेल्या गोळ्यांनी जंतू पुरता मरत नाही, फक्त कल्चरमध्ये सापडेनासा होतो.

टीबी-ब्रुसेला नसेल तर बहुतेकांना ६ आठवड्यांची औषधं पुरतात. १२ आठवडे दिल्याने जास्त लोक बरे होत नाहीत, असं फ्रान्समधल्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत २०१५ साली दिसलं. पण पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर पू मज्जारज्जूवर दाब देत असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, रात्र काढायची नाही.