वाजत काहीच नाही, तरी "किती वाजले?"

मोबाइल खिशातून काढायचा, त्यावर आकडे बघायचे आणि म्हणायचं साडेआठ वाजले. वाजलं काय पण? काहीच नाही. टोल्यांचा जमाना गेला तरी भाषा तिथेच थांबलीय, आणि हे आपल्याकडेच झालंय असंही नाही, इंग्रजीतला क्लॉक हा शब्दसुद्धा घंटेसाठी असलेल्या जुन्या लॅटिन शब्दावरून आलाय. सुरुवातीच्या यांत्रिक घड्याळांपैकी बऱ्याच घड्याळांना तबकडीच नसायची, नुसते टोले.

आपल्या घड्याळात मात्र घंटा नाही, भांडं आहे. घट म्हणजे मडकं, त्यावरून घटिका, घडी आणि मग घड्याळ. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक पाडलेली धातूची वाटी, ती पाण्यावर सोडायची, भोकातून पाणी वर चढत राहतं, वाटी हळूहळू जड होते आणि काठ पाण्याला टेकला की एका क्षणात गडप. तोवर 24 मिनिटं झालेली असतात, ती एक घटका. अशा 60 घटकांचा दिवस, आणि एका घटकेचे 60 पळ, म्हणजे पळ भरतो 24 सेकंदांचा, त्यामुळे पळभर थांब म्हणणारा माणूस तसा बराच वेळ मागत असतो :) आणि "घटका भरली" यातलं भरणं हे खरंखुरं पाणी भरणं आहे हे मला फार उशिरा कळलं.

तळातून पाणी गळणाऱ्या भांड्याचं घड्याळही असायचं, पण त्यात एक गोची आहे. पाण्याची पातळी उतरली की दाब कमी होतो आणि धार मंदावते. वाळूच्या घड्याळात असं होत नाही, वर वाळू भरपूर असो की थोडी, पडण्याचा वेग जवळपास तोच, कारण कण एकमेकांना अडकून वरचा बराचसा भार काचेच्या भिंतींवर टाकतात.

सूर्यघड्याळाचं फक्त एवढंच सांगतो की उत्तर गोलार्धात सपाट तबकडीवर सावली ज्या बाजूने फिरते तीच पुढे काट्यांची दिशा झाली. विषुववृत्ताच्या खाली घड्याळाचा शोध लागला असता तर काटे कदाचित उलटे फिरले असते!

मग 1656 मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ केलं आणि दिवसाला पाव तास चुकणारी घड्याळं काही सेकंदांवर आली. घरी करून बघा, साधारण एक मीटर दोऱ्याला जड नट बांधून थोडासाच झोका द्या, इकडून तिकडे जायला जवळपास एक सेकंद लागतो, नट हलका असो की जड. लांबी मात्र महत्त्वाची. उन्हाळ्यात लंबकाची दांडी किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडतं.

आता भिंतीवरच्या सेलच्या घड्याळात लंबक हलताना दिसला तरी बहुतेक वेळा तो शोभेचाच. मी एकदा बंद पडलेलं एक उघडलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढी एक चकचकीत नळी निघाली, बास. तिच्यात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा इवलासा चिमटा असतो, तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो पण 15 वेळा निम्मा करा, बरोबर 1 उरतो आणि सर्किट तेच करत बसतं. टिकटिक येते ती काटा ढकलणाऱ्या मोटरची, क्वार्ट्झ मुकाच.

अणुघड्याळात तर हलणारं असं काही नाहीच. सीझियम या धातूच्या अणूशी जुळणाऱ्या लहरींची 9,192,631,770 आवर्तनं झाली की एक सेकंद, 1967 पासून सेकंदाची व्याख्याच ही. जीपीएसच्या उपग्रहांवरही अणुघड्याळं असतात आणि तिथे आइनस्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत आडवा येतो: वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ती पुढे पळतात, वेगामुळे थोडी मागे पडतात, आणि सगळा हिशोब करून रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद (म्हणजे सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे जातात. तसंच सोडलं तर नकाशावर दिवसाला साधारण दहा किलोमीटरची चूक साठत जाईल, म्हणून वर पाठवायच्या आधीच ती मुद्दाम किंचित स्लो लावून ठेवतात.