ब्रिटनमधील ख्रिस्ती सेवासंस्थांत स्वयंसेवा: पात्रता, व्हिसा आणि कागदपत्रे

संकटग्रस्त स्त्रिया आणि मुलांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील एखाद्या ख्रिस्ती संस्थेत काही महिने विनावेतन सेवा करू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात व्हिसापासून नव्हे, तर संस्थेपासून करावी. अहिल्यानगरच्या बूथ हॉस्पिटलमुळे आपल्याकडे परिचित असलेली मुक्तिफौज, म्हणजेच साल्व्हेशन आर्मी, ही अशा संस्थांपैकी एक मोठी संस्था आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मानवी तस्करी व आधुनिक गुलामगिरीतून सुटलेल्या प्रौढांच्या आणि त्यांच्या मुलांच्या निवाऱ्याची व आधाराची व्यवस्था २०११ पासून सरकारी करारानुसार तिच्याकडे आहे. मात्र संस्था नामांकित असली, तरी तेवढ्यावर ती दीर्घ मुदतीसाठी परदेशी स्वयंसेवक बोलावू शकत नाही. त्यासाठी ब्रिटिश गृहखात्याचा प्रायोजक परवाना लागतो. परवानाधारकांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली असून पत्रव्यवहारापूर्वी ती पाहून घ्यावी.

मुक्काम अल्प असेल, तर साध्या अभ्यागत व्हिसावर तेथील नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. ही सोय सोपी असली, तरी घर हरवलेल्या मुलांना दर महिन्याला नवा चेहरा दाखवणे हिताचे नसते, आणि म्हणून इतक्या कमी दिवसांसाठी येणाऱ्याला थेट मुलांमध्ये काम मिळेलच, अशी अपेक्षा ठेवू नये.

त्याहून अधिक काळासाठी 'चॅरिटी वर्कर' हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा असून त्याची कमाल मुदत १२ महिने आहे. अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे, काम संस्थेच्या उद्दिष्टाशी थेट संबंधित असावे आणि वाजवी खर्चाच्या भरपाईपलीकडे मोबदला घेऊ नये. कायमस्वरूपी पद या व्हिसावर स्वीकारता येत नाही. प्रवचन किंवा पाळकीय सेवा करायची असल्यास 'मिनिस्टर ऑफ रिलीजन' हा वेगळा व्हिसा आहे. दोन्ही कामांची सरमिसळ करून अर्ज भरणे धोक्याचे ठरते.

निवड झाल्यावर संस्था 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' देते. नावात प्रमाणपत्र असले, तरी हातात येतो तो केवळ एक संदर्भ क्रमांक. हा क्रमांक विकत देऊ करणारा मध्यस्थ भेटला, तर तो फसवणूक करतो आहे असे खुशाल समजावे. काम सुरू होण्याच्या तारखेपूर्वी तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यानंतर मुंबई किंवा पुण्याच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते.

सर्वाधिक काळजी आर्थिक पुराव्याची घ्यावी. संस्थेने निर्वाहाची हमी दिलेली नसल्यास, खात्यात किमान १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस असावी लागते आणि त्यांतला शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक खाली गेली, तरी पुरावा अपुरा ठरतो. त्यामुळे त्या महिन्यात विम्याचा हप्ता किंवा कर्जाचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो, हे आधीच पाहावे. एप्रिल २०२५ च्या दरानुसार व्हिसाचे शुल्क ३१९ पौंड होते. सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आणि मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग चाचणीचा दाखलाही लागतो.

पासपोर्ट, पैसे आणि चाचणी यांची पूर्तता झाली, तरी संस्थेची स्वतःची पडताळणी त्याहून कडक असते, आणि ती तशीच असायला हवी. मुलांशी किंवा असुरक्षित प्रौढांशी संबंधित कामासाठी ब्रिटनमधील 'डीबीएस' तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी, होते, परंतु तिला भारतातील पोलीस नोंदी दिसत नाहीत. त्यामुळे संस्था साधारणपणे पासपोर्ट सेवेमार्फत मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना ते दिले जात नसल्याने त्यांनी संस्थेला विचारून महाराष्ट्र पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र चालेल का, याची खात्री करावी. याखेरीज मंडळीच्या पाळकांचे शिफारसपत्र, नातेवाईक नसलेल्या परिचितांची नावे आणि निवाऱ्याचा पत्ता, छायाचित्रे व तेथील स्त्रियांची ओळख कोठेही उघड न करण्याची लेखी हमी द्यावी लागू शकते. नात्यातल्याच पाळकांचे पत्र जोडणार असाल, तर ते नाते अर्जात स्पष्ट लिहावे आणि मंडळीबाहेरच्या एखाद्या वरिष्ठाचे दुसरे पत्र सोबत द्यावे.