सिद्धेश्वर तलाव परिसर, सोलापूर

सोलापूर शहराच्या मध्यभागी असलेला तलाव, तलावातील श्री सिद्धेश्वर मंदिर आणि काठावरचा भुईकोट किल्ला मिळून बनलेला परिसर. मंदिर पाण्यात बेटासारखे उभे असून बांधीव वाटेने आत जाता येते. सोलापूरला समुद्र नाही, मोठी नदी नाही, पाऊसही बेताचा. त्यामुळे इथले बेट निसर्गाने दिलेले नाही, ते तळे खोदून मिळवलेले आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

तळ्याचे श्रेय परंपरा सिद्धरामेश्वरांना देते. बाराव्या शतकातले हे शरण, म्हणजे शिवभक्त संत, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांची वचने, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्ये असून ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची मुद्रा, म्हणजे वचनात सहीसारखे येणारे नाव. तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी लोकांना हाताशी धरून तळे खोदले आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली, असे सांगतात. अल्लमप्रभू हे थोर शरण त्यांना भेटायला आले ते या खोदकामावरच. माती उपसणारा तो कसला योगी, असा त्यांनी टोमणा मारल्याची कथा शरण परंपरेत आहे. पुढे सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) गेले. टोमणा विरला, तळे मात्र राहिले. सिद्धरामांची समाधी मंदिराच्या आवारातच आहे.

भुईकोट किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. पूर्वेला तलावाचेच पाणी असल्याने त्या अंगाला खंदकाची गरज पडली नाही. उरलेल्या बाजूंना खंदक आहे. आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष दिसतात. मे 1818 मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने वेढा घालून हा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला.

या परिसराचे खरे रूप पाहायचे तर मकर संक्रांतीला यावे. तेव्हा भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेमागची कथा अशी : एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला. ते विरक्त असल्याने त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला संमती दिली. त्याची आठवण म्हणून सात नंदीध्वज, सोलापूरकरांच्या बोलण्यात ‘काठ्या’, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त कमरेच्या पट्ट्यात उंच काठी तोलून चालतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर या विवाहाची संमती वाचली जाते आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’च्या गजरात अक्षता पडतात. लग्नाची सगळी वऱ्हाडी मंडळी म्हणजे सोलापूरच. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे घोळक्याने उभे असतात; तिन्ही भाषा एकत्र ऐकायला शहरात याहून चांगली जागा नाही.

तिसऱ्या दिवशी होमविधी. रात्री भाकणूक होते : दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणून ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. हवामान खात्याचे अंदाज मोबाईलवर येऊ लागले तरी वासराचा अंदाज दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असतोच. यात्रेत होम मैदानावर पाळणे आणि दुकाने थाटतात. शोभेच्या दारूकामाला गर्दी होते.

एरवीच्या दिवशी पायी फिरणाऱ्याला मंदिर, किल्ला आणि नवी पेठ अर्ध्या दिवसात उरकते. चादरीचे माग आणि तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती शहराच्या पूर्व भागात आहे. तिकडे रिक्षाने जावे. पक्षी पाहायचे असतील तर हिवाळ्यात सकाळी कंबर तलाव (संभाजी तलाव) गाठावा. हिप्परग्याचा एकरूख तलाव आदिला नदीवर बांध घालून केलेला. तो शहराबाहेर तुळजापूरच्या वाटेवर असल्याने वाहन लागते.