प्राचीन चिनी कवितेतील विरहाची प्रतीके : पार्श्वभूमी

अभिजात चिनी कवितेत प्रेमाचा उच्चार बहुधा विरहाच्या वाटेने होतो, आणि त्या विरहाला नशिबापेक्षा राज्यकारभार अधिक जबाबदार असतो. ‘शिजिंग’ या ३०५ कवितांच्या सर्वांत जुन्या संग्रहाचा आरंभ नदीतल्या बेटावर साद घालणाऱ्या पक्ष्यांनी आणि झोप उडालेल्या तरुणाने होतो खरा. पण त्या सरळ प्रेमगीतातही हान राजवटीच्या काळातील टीकाकारांनी राणीच्या सद्गुणांचा धडा शोधला. पुढे साम्राज्य पसरले, सैनिक उत्तर सीमेवर आणि अधिकारी दूरच्या प्रांतांत जाऊ लागले, तसे घरी राहिलेल्या स्त्रीचे एकटेपण हा कवितेचा नेहमीचा विषय झाला.

निरोप नेणारा कलहंस याच काळातला. इ.स.पू. १०० मध्ये हान सम्राटाचा दूत म्हणून शिओंगनू टोळ्यांकडे गेलेला सू वू १९ वर्षे अडकून पडला. तो मेल्याचे सांगणाऱ्या शिओंगनूंना पुढच्या चिनी दूताने ऐकवले, की सम्राटाने शिकारीत पाडलेल्या कलहंसाच्या पायाला सू वूचे रेशमावर लिहिलेले पत्र बांधलेले होते. ती शुद्ध थाप होती, पण तिच्यामुळे सू वू सुटला आणि कलहंस कवितेत पत्रवाहक ठरला.

चंद्र मात्र पुढच्या तांग राजवटीतील कवींनी खऱ्या अर्थाने आपलासा केला. ७५६ साली बंडखोरांच्या ताब्यातील छांगआन या राजधानीत अडकलेला कवी तू फू आपण चंद्र पाहत असल्याचे सांगत नाही. फूचौमध्ये पत्नी एकटीच तो पाहत असेल, धुक्याने तिचे केस ओलावले असतील आणि मुलांना या आठवणीचा अर्थ अजून कळत नसेल, असे तो लिहितो. स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या डोळ्यांतून दाखवण्याची ही रीत मला कोणत्याही प्रतीकापेक्षा मोठी वाटते.

रेशमाचे प्रतीक उच्चारसाम्यातून आले. ‘स’ या उच्चाराने रेशीमही सूचित होते आणि आठवणही. दक्षिणेकडील लोकगीतांतला हा श्लेष नवव्या शतकात ली शांगयिन या कवीने मरेपर्यंत धागा काढणाऱ्या रेशीमकिड्याच्या ओळीत अमर केला.

तांग काळातील कवी वांग वेईच्या चार ओळींतील लाल बी आज प्रेमिकांची खूण मानली जाते, पण त्या कवितेचे एक जुने शीर्षक ती ली क्वेइनिएन या गायकाला दिल्याचे सांगते. चिनी औषधशास्त्रात विरहाचे बी असे नाव आपल्या सोनारांच्या गुंजेला आहे. कवीला तेच अभिप्रेत होते की दुसऱ्या एखाद्या झाडाचे बी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.