बिअरच्या पिंपामागचा माणूस : जॉनी टोरिओ

बिअरचं एक पिंप म्हणजे 31 गॅलन, साधारण 117 लिटर. ओक लाकडाचं भरलेलं पिंप दीडशे किलोच्या पुढे जातं. ते कोटाखाली लपत नाही. ते आडवं पाडून गडगडत न्यावं लागतं, ट्रकवर चढवायला धडधाकट माणसं लागतात आणि गुत्त्याच्या दाराशी उतरवताना अख्ख्या गल्लीला आवाज जातो. 1920 नंतरच्या चार-पाच वर्षांत, अमेरिकेत दारूबंदी असताना, जॉनी टोरिओ या टोळीप्रमुखाने शिकागोत काय उभं केलं हे समजून घ्यायचं असेल, तर या पिंपापासून सुरुवात केलेली बरी. अल कपोनचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण कपोनच्या हातात जे आयतं पडलं ते टोरिओने बांधलेलं होतं, आणि त्याच्या मुळाशी बिअर लपवता येत नाही ही एक साधी अडचण होती.

टोरिओचा जन्म 1882 सालचा, दक्षिण इटलीतला. वडील वारल्यावर आई त्याला कडेवर घेऊन न्यूयॉर्कला आली. तिने दुसरं लग्न केलं. सावत्र बापाचं वाणसामानाचं दुकान होतं आणि दुकानाआड विनापरवाना दारूही विकली जायची. मुलगा पोरसवदा असल्यापासून तिथे राबत होता. पुढे त्याने मॅनहॅटनच्या जेम्स स्ट्रीटवर पोरांची टोळी जमवली आणि पॉल केलीच्या ‘फाइव्ह पॉइंट्स’ टोळीशी संधान बांधलं. ब्रुकलिनमध्ये त्याच्या हाताखाली निरोपाची, किरकोळ कामं करणाऱ्या पोरांमध्ये कपोन नावाचा एक मुलगा होता. ठेंगणा, शांत स्वभावाचा टोरिओ स्वतः दारूला शिवत नसे, सिगारेट ओढत नसे, शिवी देत नसे. संध्याकाळी बायको ॲनासोबत घरी बसून तो संगीत ऐके. हे वर्णन वाचून त्याच्याविषयी मवाळ मत होण्याची शक्यता असते, म्हणून लगेच सांगायला हवं की दारूबंदीच्या आधी त्याचा मुख्य धंदा वेश्यागृहांचा होता.

त्याच धंद्यापायी तो 1909 मध्ये शिकागोला गेला. तिथे ‘बिग जिम’ कोलोसिमो हा कॅलाब्रियातून आलेला माणूस वेश्यागृहांचा आणि एका झगमगत्या कॅफेचा मालक होता. त्याला ‘ब्लॅक हँड’वाल्यांच्या खंडणीच्या धमक्या येत होत्या. ब्लॅक हँड ही कुठली एकसंध संघटना नव्हती. काळ्या पंजाची खूण असलेली चिठ्ठी पाठवून पैसे उकळायची ती एक पद्धत होती, आणि तिचे बळी बहुतेक इटालियन स्थलांतरितच असत, कारण भाषा येत नसल्याने आणि पोलिसांवर भरवसा नसल्याने ते तक्रारीला जात नसत. टोरिओने त्या माणसांचा बंदोबस्त केला आणि तो कोलोसिमोचा कारभारी होऊन शिकागोतच राहिला.

कारभारी म्हणून त्याने एक गोष्ट नीट हेरली. शहराच्या दक्षिणेला, इलिनॉय आणि इंडियाना राज्यांच्या सीमेवर बर्नहॅम नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे त्याने रस्त्याकडेचे अड्डे काढले. एवढ्याशा गावाचा महापौर खिशात घालणं शिकागोच्या मानाने स्वस्त पडायचं, आणि धाड पडलीच तर राज्याची हद्द ओलांडायला चार पावलं पुरत. हद्द म्हणजे काय, ती कुठे संपते आणि तिच्या पलीकडे कोणाचं चालतं, हे त्याचं खरं शिक्षण इथे झालं.

मग व्होल्स्टेड कायदा आला. 28 ऑक्टोबर 1919 ला अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार मोडून तो मंजूर केला आणि 17 जानेवारी 1920 पासून दारूबंदी लागू झाली. 0.5 टक्का किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेलं कुठलंही पेय त्याच्या कचाट्यात येत होतं. कायद्यात फटी होत्या. पिणं हा गुन्हा नव्हता. करणं, विकणं आणि वाहून नेणं हा होता. कोलोसिमो मात्र तेव्हा डेल विंटर या गायिकेच्या प्रेमात आकंठ बुडालेला होता. पहिल्या बायकोशी काडीमोड घेऊन त्याने तिच्याशी लग्न केलं होतं आणि नव्या धंद्यात उतरायची त्याला उमेद नव्हती, असं मानलं जातं. 11 मे 1920 ला, साउथ वॉबॅश अव्हेन्यूवरच्या त्याच्याच कॅफेत त्याला गोळी घालण्यात आली. संशय न्यूयॉर्कहून आलेल्या फ्रँकी येल या गुंडावर होता आणि बोलावणारा म्हणून बोट टोरिओकडे होतं. शिक्षा कोणालाच झाली नाही. अंत्ययात्रेला न्यायाधीश आणि नगरसेवक हजर होते, यावरून शहराची अवस्था कळावी.

आता बिअर. दारूबंदीत ब्रुअऱ्यांना, म्हणजे बिअरच्या कारखान्यांना, ‘निअर बिअर’ काढायला परवानगी होती, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आतली. पण ती बनवायची पद्धत अशी होती की आधी खरी बिअर बनवावीच लागे. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळून गरम पाण्यात भिजवायचं, त्याचा गोड अर्क गाळून हॉप्सच्या कडवट फुलांबरोबर उकळायचा, थंड करून यीस्ट घालायचं, आठवडाभर आंबवायचं, मग थंड टाक्यांमध्ये कित्येक आठवडे मुरवायचं. या टप्प्याला तिच्यात साडेतीन-चार टक्के मद्यार्क असतो. त्यानंतर ती कमी दाबाखाली तापवून मद्यार्क उडवायचा, की झाली कायदेशीर निअर बिअर. ती पिऊन कोणाचंच समाधान होत नसे. सगळी गोम शेवटच्या पायरीत होती. ती पायरी गाळली, रात्री टाकीतून थेट पिंपं भरली आणि पहाटे ट्रक काढले, की खरी बिअर बाजारात. परवाना खरा, माल्टच्या पावत्या खऱ्या, चिमणीचा धूरही कायदेशीर.

टोरिओला बिअर बनवता येत नव्हती. म्हणून त्याने जोसेफ स्टेन्सन या जुन्या ब्रुअर घराण्यातल्या माणसाशी भागीदारी केली. कागदावर भलत्याच लोकांची नावं, आत जुनेच कसबी कामगार, आणि वाहतूक व संरक्षण टोरिओचं. गुत्तेवाल्याला पिंप साधारण 50 डॉलरला पडे. हिशेब करून पाहा : आठ औंसाचा पेला धरला तर एका पिंपातून पाचशेच्या आसपास पेले निघतात. पेला 25 सेंटला विकला तरी सव्वाशे डॉलरच्या घरात रक्कम जाते. गुत्तेवाला कुरकुरत का नव्हता ते यात आलं.

बिघडायच्या जागाही बऱ्याच होत्या. मागणी वाढली की मुरवण्याचे दिवस कापले जात, आणि अशी कच्ची बिअर गढूळ राहून पोट बिघडवी. पिंपातली बिअर पाश्चरीकरण न केलेली असते. ती गार ठेवली नाही तर उन्हाळ्यात काही दिवसांत आंबते, म्हणून साठा करून ठेवण्याची सोय नाही, रोज माल हलवावाच लागतो. ज्यांच्याकडे ब्रुअरी नव्हती ते ‘नीडल बिअर’ काढत. निअर बिअरच्या पिंपाच्या बुचातून मद्यार्क टोचायचा. अर्ध्या टक्क्यावरून चार टक्क्यांवर आणायला एका पिंपाला गॅलनभराहून थोडा जास्त शुद्ध मद्यार्क लागतो. बूच उघडलं की वायू निघून जाई आणि मद्यार्क नीट न मिसळता वर तरंगे, म्हणजे पिंपातली वरची बिअर जळजळीत आणि खालची पाणचट. मद्यार्क कारखान्यांसाठीचा, पिता येऊ नये म्हणून विकृत केलेला असला तर प्रकरण जिवावर बेते. त्यात मुद्दाम मिथेनॉल मिसळलेलं असे. मिथेनॉल 65 अंश सेल्सिअसला उकळतं आणि पिण्याचा मद्यार्क 78 ला. हे अंतर इतकं कमी आहे की साध्या भट्टीत दोन्ही पूर्णपणे वेगळे होत नाहीत. माणसं आंधळी झाली, मेली. 1926 च्या अखेरीस सरकारने या विषाचं प्रमाण आणखी वाढवायचं ठरवलं. त्या निर्णयाचं समर्थन करणं आजही कठीण आहे.

भट्टीच्या दारूचं तंत्र वेगळं होतं. टेलर स्ट्रीटच्या इटालियन वस्तीत सिसिलीतल्या मार्सालाहून आलेले जेना बंधू घरोघर हातभट्ट्या लावत. मक्याची साखर, यीस्ट आणि तांब्याचं भांडं ते पुरवत. घरातल्या माणसाने आच सांभाळायची आणि दिवसाला 15 डॉलर घ्यायचे. मजुरीवर जगणाऱ्या स्थलांतरित कुटुंबाला ही रक्कम कल्पनेपलीकडची होती. भट्टी फुटली तर पोळणार तेच कुटुंब आणि धाडीत सापडणारही तेच. तरीही हातभट्टी दोन खोल्यांत मावते, पकडली गेली तर नुकसान एका भांड्याचं होतं. ब्रुअरीचं तसं नाही. तिच्या माल्टचा वास अर्ध्या मैलावर जातो.

म्हणूनच टोरिओच्या धंद्यात दोन गोष्टींवाचून पान हलत नव्हतं. पहिली म्हणजे ठाण्यापासून सिटी हॉलपर्यंत नियमित हप्ता. दुसरी म्हणजे हद्दींची वाटणी. ट्रक रोज त्याच रस्त्याने जाणार असेल तर वाटेत दुसऱ्या टोळीने तो लुटता कामा नये. टोरिओने टोळ्यांना एकत्र बसवलं : ज्याची जी वस्ती तिथे त्यानेच विकायचं, दुसऱ्याच्या गुत्त्यात माल घालायचा नाही, ट्रक अडवायचे नाहीत. उत्तरेकडे आयरिश डीन ओबॅनियन, टेलर स्ट्रीटला जेना, दक्षिणेला स्वतः टोरिओ. 1923 मध्ये साउथ साइडच्या ओडॉनेल बंधूंनी, ज्यांना वाटणीत काहीच मिळालं नव्हतं, त्याच्या गुत्त्यांत जबरदस्तीने माल घालायला सुरुवात केली. 7 सप्टेंबरला त्यांचा माणूस जेरी ओकॉनर मारला गेला. टोरिओला ‘शांततेचा माणूस’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. शांतता होती, पण ती मोडणाऱ्याला माफी नव्हती.

त्याच वर्षी गणित बिघडलं. एप्रिल 1923 मध्ये विल्यम डेव्हर महापौर झाले आणि त्यांनी पोलीसप्रमुख मॉर्गन कॉलिन्स यांना मोकळा हात दिला. टोरिओने बर्नहॅमचाच धडा पुन्हा गिरवला : शिकागोला पश्चिमेकडून चिकटलेलं, पण स्वतंत्र नगरपालिका असलेलं सिसरो. 1 एप्रिल 1924 च्या निवडणुकीत त्याच्या माणसांनी मतदान केंद्रांवर उघड दहशत माजवली. शिकागोहून साध्या वेशातले पोलीस आले आणि चकमकीत अल कपोनचा भाऊ फ्रँक ठार झाला. निवडणूक मात्र त्यांच्या बाजूने लागली.

घात झाला तो बिअरच्या ट्रकांपाशीच. ओबॅनियन आणि टोरिओची सीबेन ब्रुअरीत भागीदारी होती. आपण धंदा सोडतोय असं सांगून ओबॅनियनने आपला हिस्सा पाच लाख डॉलरना टोरिओला विकला. 19 मे 1924 च्या पहाटे माल भरणं चालू असताना धाड पडली आणि दोघेही पकडले गेले. धाडीची कुणकुण ओबॅनियनला आधीच लागली होती, असं टोरिओचं पक्कं मत झालं. इथे कायद्यातलं एक कलम कळीचं आहे. बनवणं-विकणं या पहिल्या गुन्ह्याला दंडावर सुटता येत होतं, पण दुसऱ्यांदा सापडलं तर किमान महिनाभर तुरुंग ठरलेला. ओबॅनियन पहिल्यांदाच सापडला होता. टोरिओला आधी एकदा दंड झालेला होता. शिवाय कॉलिन्स यांनी आरोपींना स्थानिक कोर्टात न नेता थेट संघराज्याच्या वकिलांच्या ताब्यात दिलं. टोरिओचे हप्ते सगळे शहरात पोचलेले होते, तिथवर त्याचा हात पुरत नव्हता.

त्यात जेना आणि ओबॅनियन यांचं फाटलं. जेनांची स्वस्त दारू उत्तरेत शिरत होती, आणि अँजेलो जेनाची 30,000 डॉलरची जुगाराची उधारी सोडायला ओबॅनियन तयार नव्हता. ‘उनिओने सिचिलियाना’ या सिसिलियन मंडळाचे प्रमुख माइक मर्लो रक्तपाताच्या विरोधात होते आणि त्यांचा शब्द मानला जाई. नोव्हेंबर 1924 च्या दुसऱ्या आठवड्यात ते कर्करोगाने वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या फुलांची ऑर्डर नॉर्थ स्टेट स्ट्रीटवरच्या ओबॅनियनच्याच फुलांच्या दुकानात होती. 10 तारखेला तिघे जण दुकानात शिरले, एकाने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि तो सोडलाच नाही. बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या.

24 जानेवारी 1925 ला टोरिओ बायकोबरोबर खरेदी आटोपून क्लाइड अव्हेन्यूवरच्या घरी परतला, तेव्हा ओबॅनियनची माणसं दबा धरून होती. जबडा, छाती, पोट, हात अशा अनेक ठिकाणी त्याला गोळ्या लागल्या. डोक्याला टेकवलेल्या पिस्तुलातून शेवटची गोळी सुटलीच नाही. हल्लेखोर कोण हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच सीबेन प्रकरणात त्याला 9 महिने तुरुंगवास आणि 5,000 डॉलर दंड झाला. वॉकिगनच्या तुरुंगात त्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटत होतं. तिथूनच त्याने ब्रुअऱ्या, ट्रक, हप्त्यांची यादी, सिसरो, सगळं कपोनच्या हवाली केलं. तेव्हा कपोन 26 वर्षांचा होता. टोरिओने बसवलेली वाटणी त्याला टिकवता आली नाही. मे ते जुलै 1925 या काळात अँजेलो, माइक आणि टोनी हे तिघे जेना बंधू एकामागून एक मारले गेले.

टोरिओ इटलीला जाऊन राहिला, मुसोलिनीची राजवट गुंडांवर घसरल्यावर परतला आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावला. 1929 च्या मे महिन्यात अटलांटिक सिटीत टोळीप्रमुखांची बैठक झाली, तिथे तो होता. 5 डिसेंबर 1933 ला दारूबंदी उठली आणि त्याने परवान्याच्या दारू व्यापारात पैसा गुंतवला. पण 1927 च्या सलिव्हन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा कमाईवरही आयकर भरावाच लागतो असं ठरवून ठेवलं होतं. त्याच वाटेने 1931 मध्ये कपोनला 11 वर्षं लागली होती. टोरिओला 1936 मध्ये व्हाइट प्लेन्सला अटक झाली. 1939 मध्ये खटला चालू असतानाच त्याने गुन्हा कबूल केला, अडीच वर्षांची शिक्षा घेतली आणि 1941 मध्ये तो सुटला. 16 एप्रिल 1957 ला ब्रुकलिनमध्ये न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. तो गेल्याचं वर्तमानपत्रांना कळायला आणखी काही आठवडे लागले.