प्रोसेसर बूस्ट वेगापर्यंत पोहोचत नाही? संगणक आमच्याकडे आणण्यापूर्वी कृपया हे वाचावे

खोक्यावर ४.४ गिगाहर्ट्झ छापलेले असताना प्रोसेसर ४.० च्या वर का जात नाही, हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो, आणि त्याबरोबर बहुधा टास्क मॅनेजरचे (संगणकाची स्थिती दाखवणाऱ्या विंडोजमधील प्रोग्रामचे) एक छायाचित्रही येते. असे आलेले बहुतेक संगणक पूर्णपणे निर्दोष निघतात. चुकलेली असते ती मोजण्याची पद्धत. या एका चुकीपायी ग्राहकाचे दोन-तीन दिवस संगणकाविना जातात, म्हणून तिच्याविषयी येथे सविस्तर लिहीत आहोत.

खोक्यावरचा कमाल वेग, म्हणजेच बूस्ट वेग, हा एका वेळी एक-दोन कोअरवरच (प्रोसेसरच्या आतील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवरच) भार असताना, तोही तापमान आणि वीज यांची मुभा असेल तेव्हा, गाठता येणारा वेग असतो. इंटेलचा कोअर आय५-१२४०० घ्या. त्याचा मूळ वेग २.५ आणि कमाल बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ आहे. पण सहाही कोअर एकदम कामाला लागले की त्याची मर्यादा ४.० इतकीच आहे. ही मर्यादा उत्पादकानेच ठरवलेली आहे. ग्राहक मात्र प्रोसेसर तपासायचा म्हणून सर्व कोअरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी लावतात, ४.० हा आकडा पाहतात आणि प्रोसेसर सदोष असल्याचे गृहीत धरतात. ज्या भाराखाली ४.४ दिसणे शक्यच नाही, त्याच भाराखाली ते शोधले जात असते. त्यात टास्क मॅनेजर सगळ्या कोअरचा मिळून एकच आकडा दाखवतो आणि तोही साधारण सेकंदातून एकदा बदलतो, त्यामुळे एखाद्या कोअरने क्षणभर गाठलेला वेग त्यात दिसतच नाही.

योग्य चाचणी अवघड नाही. पार्श्वभूमीतील सर्व प्रोग्राम बंद करून एचडब्ल्यूइन्फो या वेग-तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामची सेन्सरची खिडकी उघडावी, सिनेबेंच या चाचणी-प्रोग्राममधील सिंगल कोअर (एकाच कोअरवर भार टाकणारी) चाचणी काही मिनिटे चालू द्यावी आणि मग प्रत्येक कोअरसमोरच्या 'मॅक्सिमम' रकान्यातील आकडा पाहावा. एखाद-दोन कोअरनी जरी छापील वेग गाठला, तरी प्रोसेसर ठीक आहे. सर्व कोअर सारख्या गुणवत्तेचे नसतात आणि एकाच कोअरला पुरणारे काम शक्यतो त्यांतील चांगल्या कोअरकडेच सोपवले जाते. आकडा २५ मेगाहर्ट्झने कमी भरला, तर तेवढ्यासाठी संगणक उघडण्याची आमची शिफारस नाही.

या चाचणीतही वेग बराच कमी आला, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. प्रथम विंडोजच्या पॉवर प्लॅनमधील 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' पाहावे. लॅपटॉप फार तापतो म्हणून कोणीतरी ते ९९ टक्क्यांवर आणलेले असते आणि पुढे ते विसरले जाते. एका टक्क्याचा हा फरक दिसायला क्षुल्लक असला तरी त्याने बूस्ट संपूर्ण बंद पडते. ते १०० करावे. लॅपटॉपची तपासणी नेहमी त्याच्या मूळ चार्जरवर करावी, कारण कमी वॅटच्या चार्जरवर किंवा नुसत्या बॅटरीवर अनेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपण होऊन रोखतात.

त्यानंतर तापमान. एएमडी कंपनीच्या रायझेन ७ ५८००एक्स या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश सेल्सिअस, तर वर सांगितलेल्या आय५ची १०० अंश आहे. भार येताच काही सेकंदांत पारा तेथे भिडत असेल, तर कुलर (प्रोसेसरवर बसवलेला, त्याला थंड ठेवणारा भाग) नीट टेकलेला नाही असे समजावे. कुलर बसवण्याच्या चार खिळ्यांपैकी एक अर्धवट बसलेला असणे किंवा कुलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाणे, हे घरी जोडणी केलेल्या संगणकांत आम्हाला वारंवार आढळते. तापमान ठीक असूनही सुमारे अर्ध्या मिनिटानंतर वेग उतरत असेल, तर ती बहुधा मदरबोर्डने (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाने) पाळलेली वीजमर्यादा असते. आय५-१२४०० थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, पण दीर्घकाळासाठी त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट आहे.

बायोसकडेही (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरकडेही) लक्ष द्यावे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या रायझेन ३००० मालिकेत बूस्ट कमी पडण्याचा दोष खरोखरच होता; एएमडीने तो मान्य केला आणि सप्टेंबरपासून बायोसच्या नव्या आवृत्त्यांतून दुरुस्त केला. अशा वेळी आवृत्ती बदलणे हाच उपाय होय. मात्र बायोसमध्ये शिरून वेग हाताने बांधून ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. ५८००एक्सचे सगळे कोअर ४.४ वर बांधले, की त्याचे स्वयंचलित बूस्ट बंद होते आणि एकट्या कोअरला मिळणारा ४.७ गिगाहर्ट्झचा वेग हातचा जातो. असे संगणक आमच्याकडे आले की पहिले काम बायोस मूळ स्थितीत आणण्याचे असते.

दोष न सापडल्यासही आम्ही तपासणीशुल्क का घेतो, असे काही ग्राहक विचारतात. दोष नाही असे खात्रीने सांगण्यासाठी वर लिहिलेली प्रत्येक गोष्ट पाहावी लागते, आणि त्याला दोष सापडल्यावर लागतो तेवढाच वेळ लागतो. आम्ही जोडून दिलेल्या प्रत्येक संगणकासोबत एका कोअरचा कमाल वेग, सर्व कोअरचा वेग आणि त्या वेळचे तापमान यांची नोंद असलेला कागद दिला जातो. तो जपून ठेवावा. आजचे आकडे त्याच्याशी जुळत असतील तर तपासणीची गरजच उरत नाही. आमच्याकडून न घेतलेल्या संगणकाचीही अशी नोंद आम्ही करून देतो, आणि त्याच भेटीत थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कुलर यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून हवी असल्यास तीही बदलून मिळते.

तक्रार पाठवताना सिंगल कोअर चाचणीनंतरचे एचडब्ल्यूइन्फोचे छायाचित्र जोडावे. त्यात कोअरचे वेग, तापमान आणि वीजवापर हे तिन्ही दिसले पाहिजेत. लॅपटॉप आणताना चार्जर अवश्य आणावा, आणि बायोसमध्ये काही बदल केलेला असल्यास तो न संकोचता आधीच सांगावा.